कमी झेपेल त्याच्या मापाने

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची! दोन बॅगा, एक पिशवी आणि माझं तोंड, एवढं सामान घेऊन ताईच्या घरी मुक्कामाला. नोकरी संपल्यापासून भिंतींशी बोलत बसले होते, त्यापेक्षा आजारी बहिणीशी बोललेलं काय वाईट? ताईची डावी बाजू गेली, वाचा गेली. पण मला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, आत्ताच रडू नकोस, अजून माझा स्वयंपाक कुठे खाल्लायस?

भावोजी मात्र मेणाच्या पुतळ्यासारखे झालेत. भाजीत मीठ घालायला मी विसरले, तर हूं की चूं न करता दोनदा वाढून घेतली.

हॉलची ऐट मात्र बघण्यासारखी. भिंत व्यापणारा टीव्ही, कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर, जाड पडदे आणि मागे रेलणारी एकच खुर्ची. निवृत्तीनंतर भावोजींनी हौसेने होम थिएटर केलं आणि वर्षभरात ताई पडली. तिला हॉलमध्ये आणता येत नाही, म्हणून त्यांनी प्लेअरला स्प्लिटर जोडलाय. साबणाच्या वडीएवढी काळी डबी. एक वायर आत शिरते, दोन बाहेर पडतात. एक हॉलच्या टीव्हीला, दुसरी दारावरच्या भोकातून ताईच्या खोलीतल्या टीव्हीला. हॉलमध्ये जे चित्र, तेच तिच्यासमोर. भावोजींनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि आजपासून ही तुझी म्हणाले. कुणी मला इतकं मानाने बसवून किती वर्षं झाली! मला भरून आलं.

बुधवार, ६ मार्च

मी आजी झाले! सकाळीच लेकीचा फोन. मुलगी झाली, दोघी सुखरूप. महिनाअखेरीला बाळाला घेऊन इथेच येते म्हणाली. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले, मग ताईसमोर नाचले. भावोजींनी फक्त मान हलवली.

दुपारी ताई आणि मी समुद्राखालच्या माशांचा माहितीपट पाहिला. ती तिच्या खोलीत, मी खुर्चीत. एवढा महागडा टीव्ही, पण मासे धुऊन वाळत घातल्यासारखे फिके. मी मेकॅनिकला बोलावून घेतलं. माणूस बोलका, आमचं चांगलं जमलं. त्याने समजावलं की चित्र सोडण्याआधी ही डबी दोन्ही टीव्हींना विचारते, तुला किती झेपेल? ज्याला कमी झेपतं, त्याच्या मापाने दोघांनाही वाढते. ताईच्या खोलीतला टीव्ही जुनापुराणा, म्हणून हॉलचीही उपासमार. मी म्हटलं, एवढंच ना, ताईला नवा टीव्ही आणू. भावोजी म्हणाले, आण, पण काही फरक पडणार नाही.

रविवार, १० मार्च

नवा टीव्ही बसला. फरक पडला नाही. भावोजींच्या तोंडात साखर पडो म्हणावं की काय?

मेकॅनिकने ताईचा टीव्ही थेट प्लेअरला लावला, तर चित्र लख्ख. डबीतून लावला की दोन्हीकडे फिकं. डबी बदलली, वायरी बदलल्या. शेवटी डोकं खाजवत म्हणाला, आजी, आतला टीव्ही तर ठणठणीत आहे, मग कमी झेपतंय कुणाला? तो हसला, मीही हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदा मला माझं हसणं ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं.

शनिवार, १६ मार्च

आता रंग जवळजवळ गेलेच आहेत. गंमत म्हणजे चहाचीही चव लागत नाही. तीन चमचे साखर घातली तरी कोमट पाणी. सर्दी असेल.

भावोजी मात्र माणसात आलेत. आज दाढी करताना गुणगुणत होते. भाजी तिखट झाली म्हणून मला चक्क बोलले, मग हसले, दुसऱ्यांदा वाढून घेतली. मी आल्यापासून ते हॉलमध्ये पाऊलही टाकत नाहीत. फिरायला जातात, नवा शर्ट आणलाय. बरं वाटायला हवं मला. ठीक आहे.

लेकीने बाळाचा फोटो पाठवला. पाहिला.

गुरुवार, २१ मार्च

तवा हातात धरला. कुणीतरी धरलाय असं बघत होते, तोच कातडी जळल्याचा वास आला म्हणून सोडला. डावा हात. दुखला नाही. डाव्या पायातली चप्पलही वाटेत कुठेतरी गळते, मागे वळून बघितल्यावर कळतं.

ताईला आज घास गिळता येईना. डॉक्टर म्हणाले, हळूहळू उतरतंय, तयारी ठेवा.

हाताला पट्टी बांधताना सगळं सरळ समजलं. डबी टीव्हीला विचारतच नाही. ती ताईला विचारते. आणि हॉलकडच्या वायरीच्या टोकाला मी आहे. ताईला जेवढं झेपतं, तेवढंच मला मिळतं.

घाबरायला हवं होतं. घाबरण्याची जागा सापडली, आत काही नव्हतं.

रविवार, २४ मार्च

आज दुपारी ताईकडची वायर उपटली.

समोरचा टीव्ही भडकन उजळला. लाल, पिवळं, निळं. हात असा पेटला की मी ओरडले. आणि मग नात आठवली. तिचं नाक माझ्यासारखं आहे, हे फोटोत दिसलं होतं आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं! मी पदर तोंडात कोंबून रडले.

मग आतली शांतता ऐकू आली. धावले. ताईचे ओठ काळेनिळे. छाती हलत नव्हती. डोळे माझ्यावर. परत येऊन वायर खुपसली. तिचा श्वास सुरू झाला.

माझं रडणं बंद झालं. गाल ओले होते, ते पुसले.

बुधवार, २७ मार्च

भावोजींना सांगितलं. ते चपला घालत होते. म्हणाले, मीही उपटून पाहिली होती. खुर्ची रिकामी ठेवूनही पाहिली. समोर बराच वेळ कुणी बसलं नाही की आतलं चित्र अडखळतं आणि तिचा श्वासही. दुसऱ्यांदा उपटायचं धाडस झालं नाही, बसवतही नव्हतं. बायको आहे गं माझी, म्हणाले. म्हणून तुला बोलावलं.

मी म्हटलं, लेक येणार आहे. नातीला बघून मला आनंद व्हायला हवा. तेवढा दिवस तुम्ही बसा.

त्यांना खरंच रडू आलं. बॅग घेऊन मित्राकडे गेले.

शनिवार, ३० मार्च

करडं चित्र. आवाज लांबून.

ताईचे डोळे मिटलेलेच. माझेही मिटतात.

लेकीचा फोन. परवा येते म्हणाली. तिला येऊ नकोस म्हणायचं होतं. का ते —

बरं म्हटलं.

सोमवार

आल्या.

बाळ मांडीवर ठेवलं. वजन कळलं नाही. लेक हसत होती, मग हसायची थांबली. आई, अशी काय बघतेस? — पट्टी सोडून हात बघितला. रडली.

म्हणाली, ऊठ आधी. मी टीव्ही बंद करायला निघाले असेन असं तिला वाटलं असावं. म्हणाली, राहू दे चालू, आत मावशीला त्याची सोबत होते. मी बसते इथे. तू आत जाऊन पड.

सांगायला हवं होतं. उठले.

ती बसली. बाळाला घेऊन.

स्वयंपाकघरात आहे. टेबलाशी लिहितेय. आधी डावा पाय आला, मुंग्या मुंग्या. मग हात. हात ठणकतोय! किती ठणकतोय, देवा, बोटाबोटांत जीव आलाय. खिडकीबाहेर कुणीतरी झाडांना पाणी घालतंय, ओल्या मातीचा वास येतोय. मला नात झालीय. माझ्या नाकाची नात! मला इतका आनंद झालाय की छातीत मावत नाही, आणि भावोजी गुणगुणत का होते ते आता —

बाळ आल्यापासून किरकिरत होतं. भूक लागली असणार. इथपर्यंत ऐकू येत होतं.

आता येत नाही.

लेकीला हाक मारली. ओ नाही. दारातून दिसतेय. खुर्चीत मागे रेललीय. बाळाचे डोळे उघडे. दोघी बघतायत.

वायर उपटली तर ताई जाईल. परत बसले तर मी. दोन्ही ठाऊक आहे. उठायलाच हवं. उठतेच. हात एवढा गोड दुखतोय, फक्त एक क्षण अजून, मग —