ईरण्णाची माती

१२ मार्च १९४६, मंगळवार. जळकोट

पोचलो! पावणेपाच वर्षांनी.

सोलापूरला गाडीतून उतरलो, तिथून मोटार. हद्दीवरच्या जकातीच्या करोडगिरी नाक्यावर निजाम सरकारच्या शिपायानं माझी ट्रंक उलटी केली. दोन खाकी सदरे, बसऱ्याचे खजूर, बायको जगदेवीसाठी आरसा, काशीसाठी कचकड्याची बाहुली. शिपाई म्हणाला, "कौन सी लड़ाई में थे?" बसरा म्हणालो. तो हसला — "वहाँ लड़ाई हुई थी क्या?"

काय सांगणार! माझी लढाई म्हणजे पेट्रोलची पिंपं चढवणं आणि उतरवणं. खरी लढाई ईरण्णानं बघितली, इटलीत. माझा पाठचा भाऊ. तो तिकडंच राहिला.

दारात काशी उभी होती. मी गेलो तेव्हा पाळण्यात होती. मला बघून ओरडत आत पळाली — "आज्जी, सोजीर आला!" सोजीर! बाप म्हणून ओळखायला तिनं मला बघितलंय कुठं?

जगदेवी चुलीपुढनं उठली. पदर डोळ्याला लावला. "पाय धुवा" म्हणाली. एवढंच. मग माझी आई, अव्वा आली. माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्या पाठीमागं रस्त्याकडं बघत राहिली. मोटारीतून अजून कुणी उतरतंय का, तसं.

१३ मार्च

गौराच्या हातात हिरव्या बांगड्या तशाच! ईरण्णाची बायको. लग्नाला चार महिने झाले आणि तो भरती झाला. सरकारी कागद येऊन दोन वर्षं उलटली.

जगदेवीला विचारलं. ती हळूच म्हणाली, "अव्वा काढू देत न्हाईत. म्हणतात, माती झाली न्हाय तर मेला कसा? गौराच्या वडलांनी न्यायला दोनदा बैलगाडी आणली. दोनदा रिकामी परत गेली."

गौरा दिवसभर काम करते. बोलत नाही. एकवीस वर्षांची आहे.

१५ मार्च

कडबा रचत होतो. अव्वा येऊन पेंढीवर बसली. मला वाटलं विचारेल कसा गेला, गोळी कुठं लागली. वाटेत उत्तरं जुळवून आलो होतो. तिनं ते विचारलंच नाही.

"बसवून माती दिली का रं? आपल्यात जाळत न्हाईत. तुझ्या अप्पांना बसवलं, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. ईरण्णाच्या हातावर कुणी ठेवलं का?"

मी बसऱ्यात होतो. मला काय ठाऊक! माझ्याजवळ सरकारी कागदाच्या तीन ओळी आणि गफारचं एक कार्ड. गफार लोहारा गावचा, ईरण्णाच्याच पलटणीत लॉरीवर होता. कार्डावर एवढंच — ईरण्णा गया. माफ करना.

"व्हय अव्वा," मी म्हणालो. "बसवूनच दिली. हातावर इष्टलिंग ठेवलं. गफारनं कळवलंय."

तिनं डोळे मिटले.

खोटं बोललो. आईशी. आणि त्याला बोलावलं कुणी होतं? मीच! मीच लिहिलं होतं — इथं पोटभर मिळतं, कपडा मिळतो, भरती हो.

१६ मार्च

अव्वाचा हुकूम. "त्या गफारला भेटून ये. माझ्या वतीनं पाया पड." तिनं स्वतः शेंगाच्या पोळ्या केल्या, फडक्यात बांधल्या. आता गेलंच पाहिजे.

२० मार्च. लोहारा

आष्ट्याच्या फाट्यापर्यंत मोटार, पुढं पायी. ऊन असं की बुटातनं पाय भाजत होते. गफारचं घर कुणीही दाखवतं — कलईवाला गफार. भट्टीपुढं बसला होता, भाता मारत. डावा पाय गुडघ्यापासून नाही.

मी नाव सांगितलं. भाता थांबला. तो उठायला गेला, कुबडी सापडेना, तसाच जमिनीवर घसरला. मी धरलं तर माझा हात दोन्ही हातांत घेऊन रडायला लागला. एवढा दांडगा माणूस! बायको लालबी आतून धावत आली. मी पोळ्या तिच्या हातात दिल्या. कुणी केल्या ते सांगितलं. मग तीही रडायला लागली.

मग गफार बोलला. आठवतं तसं लिहून ठेवतो.

नदी ओलांडायची होती. आठ दिवस पाऊस, चिखल, गारठा असा की बोटं चाकाला चिकटायची. पूल वाहून गेलेला. ईरण्णा पुढच्या लॉरीवर, गफार मागच्या. तोफेचा गोळा पडला. गफारचा पाय त्यातच गेला, पण ते त्याला नंतर कळलं. आधी तो सरपटत ईरण्णापर्यंत गेला.

"जीव होता का?"

"होता. थोडा वेळ. बोल्या, गफार, अण्णाला कळव, त्यानं बोलावलं म्हणून मी आलो न्हाई. मला मोटार चालवायची होती म्हणून आलो."

हे त्यानं सांगितलं आणि मी भट्टीकडं बघत राहिलो. विस्तवाकडं बघितलं की डोळ्यांत पाणी आलं तरी चालतं.

मग मी विचारलं. ज्यासाठी आलो होतो ते.

गफारनं मान खाली घातली. "जलाया, भाई. उस दिन पाच हिंदू गेले. सगळ्यांना एकत्र. मी स्ट्रेचरवर होतो. ओरडलो — सुबेदार साब, ये लोगां जलाते नै, बिठाके मिट्टी देते! त्याला वाटलं मी तापात बडबडतोय. कोण ऐकणार? पाणी असं की खड्डा खणला की भरायचा."

मग लालबीकडं बघितलं. ती अंगणात गेली. लिंबाच्या झाडाला माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर ढोली आहे. त्यातून तिनं पत्र्याचा डबा काढला. आत मेणकापड, त्याच्या आत धुतलेलं फडकं, त्याच्या आत रुप्याची डबी. ईरण्णाचं इष्टलिंग!

"मरायच्या आधी त्यानंच गळ्यातून काढून दिलं. बोल्या, अव्वाला दे. आमच्या घरात मटण शिजतं भाई. म्हणून घरात नै ठेवलं. पावसाळ्याच्या आधी मेणकापड बदलतो."

"दोन वर्षं? कळवायचं तरी!"

"क्या मुँह लेके आता? आई विचारेल, माझ्या पोराला जाळू कसं दिलंस."

माझा राग तिथंच निवला. मीही त्याच प्रश्नाला भिऊन खोटं बोललोय.

२१ मार्च

घरी आलो. डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात. अव्वा दारातच — "भेटला का? पाया पडलास का?" पडलो म्हणालो. "काय म्हणाला?" पाय गेलाय म्हणालो, कलई करतो. ती गफारच्या पायासाठी हळहळत राहिली.

डबी दाखवली तर माझं खोटं उघडं पडतं. हातावर ठेवलं म्हणालो आणि तेच माझ्या खिशात!

२४ मार्च

सांगितलं नाही.

३० मार्च

आजही नाही. काशीनं पहिल्यांदा माझ्या हातून खजूर खाल्ला. पण अप्पा म्हणत नाही अजून.

३ एप्रिल

सदरा धुवायला घेताना जगदेवीला डबी सापडली. मग सगळं सांगितलं तिला. वाटलं धीर देईल. तिनं ओला सदरा तसाच दगडावर टाकला.

"तुमी ऱ्हावा असंच गप्प! तिकडं अव्वा अजून ईरण्णाच्या वाटंवर डोळं लावून बसल्यात आन् हिकडं ती पोरगी त्या बांगड्यांत अडकलीय. तुमचं खोटं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला दिलासा, बरोबर? मग विचारा गौराला, तिला कशाचा दिलासा. काल अव्वा तिला म्हणाल्या — इतक्या लांबची माती, डोळ्यानं बघितली न्हाय तोवर म्या खरी धरत न्हाय."

म्हणजे माझ्या खोट्यानंही अव्वाचं समाधान झालेलं नाही. मग ते कुणासाठी सांभाळतोय मी?

५ एप्रिल

सांगितलं.

सकाळी, अव्वाची पूजा झाल्यावर. डबी तिच्यापुढं ठेवली. तिनं लगेच ओळखली — तिनंच तर अप्पांच्या हयातीत करून घेतली होती! उघडली. इष्टलिंग आपल्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बसली. मी बोलत गेलो. नदी, लॉरी, गोळा, गफार, पाच माणसं, आग. माझं खोटंही. मधे थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

जगदेवी आणि गौरा उंबऱ्यात उभ्या.

अव्वा म्हणाली, "थंडी लई व्हती का तिथं?"

"लई. बोटं लोखंडाला चिकटत होती म्हणे."

"मग ऊब तरी मिळाली असंल."

आणि त्यानंतर ती रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा, जगदेवी सांगते. गौरा पुढं झाली, तिला धरायला. दोघी तशाच बसल्या.

दुपारी अव्वा मला म्हणाली, "खोटं बोललास. आता खड्डा तूच खण. अप्पांच्या शेजारी."

८ एप्रिल

इष्टलिंगाला माती द्यायची म्हणून मठातले स्वामी आले. चटईवर बसून विचार करत म्हणाले, "दहन झालंय. त्यात ते परक्याच्या हातात राहिलंय. शास्त्रात बसत नाही, शिवम्मा. नवं आणू, त्याची—"

अव्वानं पुढचं बोलूच दिलं नाही. "स्वामी, माझं लेकरू मरताना त्याचा हात कुणी धरला व्हता? तुमी व्हता का तिथं? म्या व्हते का? ज्यानं धरला, त्याला परका म्हणू नका."

स्वामींनी पंचांग उघडलं. मग म्हणाले, "सोमवार चांगला आहे. मी येतो."

१५ एप्रिल, सोमवार

झालं.

खड्डा मी खणला. काळी माती, उन्हानं दगडासारखी. कमरेइतका गेल्यावर ओल लागली. कुणाला पहार धरू दिली नाही.

गफारला निरोप गेला होता. बैलगाडीतून आला, लालबीसोबत. पण शेताच्या बांधावरच थांबला. हात जोडून उभा. मी बोलावलं, येईना. मग अव्वा गेली. चालत, त्या उन्हात, बांधापर्यंत. गफार कुबडी टाकून खाली वाकायला लागला तर तिनं दंडाला धरलं.

"माझ्या लेकाजवळ सरपटत गेलास. आता माझ्याजवळ चालत यायला काय झालं?"

घेऊन आली त्याला. दंड सोडला नाही.

खड्ड्यात ईरण्णाचा लग्नातला सदरा घडी करून ठेवला. त्यावर भस्म, बेलाची पानं. त्यावर इष्टलिंग. स्वामींनी मंत्र म्हटले. अव्वानं पहिली मूठ दिली, मी दुसरी. तिसरी गौराची. मग अव्वा गफारला म्हणाली, "तिथं तुझं कुणी ऐकलं न्हाय. इथं दे."

गफारनं ओंजळ भरली. ओठ हलत होते, त्याचं त्याच्यापाशी काही म्हणत होता. स्वामींनी ऐकलं. ते थांबले, त्याचं संपेपर्यंत, आणि मग पुढचा मंत्र घेतला.

माती लोटल्यावर अव्वानं गौराला जवळ घेतलं. बांगड्या फोडल्या नाहीत. हाताला तेल लावून एकेक काढली. सावकाश. शेवटच्या बांगडीला गौरा मोठ्यानं रडली. तिचा आवाज मी आल्यापासून पहिल्यांदा ऐकला.

घरी येताना काशीनं माझं बोट धरलं. मातीचा हात होता तरी धरलं.

१६ एप्रिल

हातांना फोड आलेत. लिहवत नाही.

२७ जून

पेरणी. ईरण्णाच्या मातीशेजारी पाभरीची दोन तासं मोकळी सोडली. अव्वा म्हणाली, "कशाला? पेर तिथपर्यंत. त्याला पिकात बसायला आवडायचं."

१९ ऑगस्ट

अव्वा गौराच्या माहेरी जाऊन आली. एकटी. काय बोलणं झालं, सांगत नाही. संध्याकाळी गौराला घेऊन परसात गेली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. गौरा आत आली तेव्हा जगदेवीच्या गळ्यात पडली. मला कुणी काही सांगत नाही!

९ डिसेंबर. येडशी

आज गौराची उडकी झाली, पुन्हा लग्न लागलं. नवरा बसप्पा इथं रेल्वे स्टेशनात खलाशी आहे. पहिली बायको वारली, स्वभाव शांत. अव्वानंच जमवलं, गौराला विचारून. मी तिचा भाऊ म्हणून मागं उभा राहिलो. अव्वा आली नाही. घरून निघताना तिनं निरोप दिला होता, तो माझी गाडी हलायच्या आधी गौराला सांगितला —

"तुला पोरगं झालं तर ईरण्णा नाव ठिवू नकोस. त्याला त्याचं नवं नाव असू दे."