आधी वर्तुळ, मग चेंडू

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसलोय, ते नुसती आठवण आली म्हणून नाही, तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणून. उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत मी आता तुमचाच विषय शिकवतो. दुष्काळाच्या त्या वर्षी आपल्या शाळेमागचा तलाव पार आटला होता. टँकर आला की निम्मा वर्ग हंडे घेऊन पळायचा, आणि उरलेल्यांना तुम्ही त्या भेगाळलेल्या तळात नेऊन हातात गोफण द्यायचात. फर्दापूरकडच्या मेंढपाळाच्या घरातले तुम्ही, गोफण तुमच्या खांद्यावर उपरण्यासारखी शोभायची. कोणत्या कोनातून सुटलेला दगड किती लांब जातो, हे आम्हाला फळ्याआधी तिथं कळलं. नियम मात्र कडक. दगड कुठं पडणार ते आधी सांगायचं, तिथं फक्कीने वर्तुळ काढायचं, मगच फेकायचं. एकदा माझा दगड अलीकडे पडला आणि मी पायानेच फक्की पुसून वर्तुळ सरकवलं. तुम्ही कान धरला नाहीत. एवढंच म्हणालात, "दगड चुकला तर चुकू दे रं, तू कशाला चुकतूस? का चुकला ते हुडक, लई शिकशील." त्या दिवशी दोन मुस्काटात दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

त्या तळावर आता सहा-सहा मजली इमारती आहेत, पाणी तिथंही टँकरनेच येतं. माझ्या वर्गात गोफणीऐवजी यंत्राचा हात आहे. मुलं कॉम्प्युटरमध्ये कोन भरतात, मोटर फिरते आणि तो हात प्लास्टिकचा चेंडू भिरकावतो. तुमचा नियम मी तसाच ठेवला होता, खडूचं वर्तुळ आधी. वर्गातली एक मुलगी त्यात इतकी रमायची की चुकली की जास्त खूश. "चुकलं सर! आता मज्जा येनार," म्हणायची आणि परत मोजायला बसायची.

मागच्या महिन्यात संस्थेची माणसं प्रयोगशाळा पाहायला येणार होती. मुलांनी सकाळभर सराव केला, बॅटरी उतरली आणि ऐनवेळी चेंडू वर्तुळाच्या हातभर अलीकडे पडायला लागला. तीच मुलगी म्हणते, "सर, त्यांच्यासमोरच परत मोजू ना. चुकलं तर चुकलं, कारन तर माहितीय आपल्याला." पाहुणे जिन्यात आलेत. मी ओल्या फडक्याने तिचं वर्तुळ पुसतो आणि चेंडू पडत होता तिथं नवं काढतो. चेंडू बरोबर मधोमध पडला. टाळ्या झाल्या, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. झाकली मूठ राहिली, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून ती आधी चेंडू फेकते, पडला तिथं वर्तुळ काढते आणि मग वहीत अंदाज लिहिते. तिचं पाहून सगळा वर्ग तसंच करतो. आता कुणाचंच उत्तर चुकत नाही. मी समजावलं, विनवलं, ओरडलो, पालथ्या घड्यावर पाणी. आणि ओरडण्याचा अधिकार तरी कुठं उरलाय मला? एवढ्या वर्षांचं शिकवणं एका फडक्याने पुसलं गेलं, ते परत कसं काढायचं हे मला खरंच माहीत नाही. सर, मी हरलोय. रोज सकाळी क्रांती चौकात सिग्नलला थांबलो की गाडी वळवून घरी जावंसं वाटतं.

परवा तास संपल्यावर ती टेबलाशी येऊन उभी राहिली. रागात नव्हती. "सर, वर्तुळ असं सरकवायचं, हे तुम्हाला कुनी शिकवलं?" सगळा वर्ग दप्तरं भरायचं थांबवून माझ्याकडे बघत होता.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, असता तरी मी टाकलं नसतं. कारण मी तिला सांगितलं, "आमच्या सरांनी."