जालन्यातली दोन दिवसांची खोली

पिंपळगाव रेणुकाई

प्रिय आकांक्षा,

खोली ठरली. नवीन जालन्यातच, स्टेशनवरून रिक्षात बसतो न बसतो तोच उतरायचं, इतकी जवळ. तळमजल्यावरची मिळाली नाही, पण पहिल्या मजल्याचा जिना रुंद आहे, धरायला कठडा आहे, बाळाला घेऊन चढताना भीती नाही. खिडकी मागच्या अंगाला उघडते. तिकडं शाळेचं पटांगण आहे, त्यामुळं सकाळी पोरांचा गलबला ऐकू येईल, पण ट्रकांचा आवाज नाही. गरम पाणी फक्त दुपारपर्यंत येतं. मी नळ सोडून पाण्याखाली हात धरून उभी राहिले, हात मागं घ्यावा लागला तेव्हाच बाहेर आले. पलंग भिंतीला लावून घ्यायचं बोलले आहे, म्हणजे तान्ही अक्षता एका बाजूनं पडायची धास्ती नको. दुसऱ्या बाजूला मी आहेच.

तुला वाटेल, आई कधी घराबाहेर झोपली नाही आणि आता हॉटेलं पारखायला लागली. खरंच आहे. माझ्या ओळखीचं हॉटेल म्हणजे भोकरदनच्या स्टँडवरचं, चहा आणि भज्यांचं. राहायचं असतं त्याला आपल्याकडं लॉज म्हणतात, आणि बाईमाणसानं लॉजचं नाव काढलं की ऐकणारा आधी दाराकडं बघतो. मी बबलूला गोठ्यामागं बोलावून हळूच विचारलं, तर तुझा भाऊ हसायलाच लागला. मग त्यानंच मोबाइलवर एकेक फोटो काढून दाखवले. फोटोत सगळ्याच खोल्या नवरीसारख्या नटलेल्या. चादरीवर टॉवेलाचा हंस करून ठेवलेला. मी म्हटलं, हंस नको मला, मोरी दाखव. मोरीचा फोटो कुणीच टाकत नाही. म्हणून ठरवलं, आपण जाऊन डोळ्यांनी बघायचं. घरात सांगितलं, डोळ्याच्या डॉक्टरकडं जाते.

पहिल्या खेपेला एकटीच गेले. स्टेशनसमोरच्या लॉजवाल्यानं मला खालून वर बघितलं आणि विचारलं, "मावशी, सोबत कोण हाये?" मी म्हटलं, सोबत कोणी नाही, खोली बघायचीय. जिना असा की एका वेळी एकच माणूस, तोही तिरका होऊन. तिथूनच परत फिरले. दुसरं जरा आत, बियाण्याच्या कंपन्यांची ऑफिसं आहेत त्या रस्त्याला. खोली लख्ख होती, पण पोरीला अंघोळीनंतर धुरी द्यायची आहे म्हटल्यावर तिथला माणूस घाबरला. म्हणाला, "धूर बिलकुल चालणार न्हाई, सगळे गिऱ्हाईक खाली पळत येतील." त्याचंही बरोबर आहे. पण तीन महिन्यांच्या लेकराला आजीच्या हातची अंघोळ आणि ओवा-वेखंडाची धुरी मिळणार नसेल तर मी तरी एवढा खटाटोप कशासाठी करू?

हा खटाटोप मुळात तुझ्या सासूबाईंच्या, केशरबाईंच्या डोक्यातून निघाला, हे तुला माहीत नसेल. तुमचं मंठ्याला यायचं ठरलं तसा त्यांनी मला फोन केला. त्या जयभीम म्हणतात, मी रामराम म्हणते, मग दोघी हसतो, असं आमचं चालतं. मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही मंठ्याला या, घर तुमचंच हाये. पर सासरी माय पाहुणीसारखी बसती, मला ठावं हाये. माझी माय बी तशीच बसायची. त्यापरीस जालन्यात दोन दिवस मायलेकी राहा. पोटभर बोला. मंग मी धम्मपालला पाठवते, तुम्हाला तिघींना घेऊन येईल." मी फोन ठेवला आणि चुलीसमोर कितीतरी वेळ बसून राहिले. बाळंतपणाला तुला आणता आलं नाही, डोहाळे पुरवता आले नाहीत. पुण्यात तू दवाखान्यात होतीस तेव्हा तुझ्या उशाशी केशरबाई होत्या, आणि त्याच बाई आता माझ्या लेकीचं माहेर कुठं मांडायचं याचा विचार करत होत्या.

तर पहिल्या खेपेला मी त्या दुसऱ्या लॉजमधून उतरताना आपल्या शेजारच्या भारतनं मला बघितलं, तो तिथंच बियाण्याच्या ऑफिसात कामाला आहे. पोरगा मान खाली घालून निघून गेला. गावात मात्र सरळ तुझ्या आप्पांना येऊन सांगितलं.  दोन-तीन दिवसांनी सकाळी आप्पा भाकरी खाता खाता म्हणाले, "डोळ्याचा डॉक्टर लॉजमधी बसून राह्यला काय आजकाल?" माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. मी म्हटलं, आकांक्षा येतेय, बाळाला घेऊन. घरात आणायला तुमची मनाई आहे, जालन्यावर तर नाही ना? मी दोन दिवस तिच्याजवळ राहणार आहे. मला वाटलं आता ताट सरकवतील. त्यांनी उरलेली भाकरी खाल्ली, हात धुतले आणि म्हणाले, "एकटी बाई बघून ते काहीबी खोली देतील. पुढच्या टायमाला मी येतो."

तसे आम्ही दोघं गेलो.  राजूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतून माझ्यासाठी पेरू घेतले. जालन्यात बबलूनं सांगितलेलं तिसरं लॉज गाठलं. तिथं सगळं मनासारखं होतं गं. खाली खोली, मोठी मोरी, मागं मोकळं अंगण. धुरीलाही हो म्हणाले. आप्पा बाहेर दाराशी उभे होते. मी काउंटरवर माझं आधार कार्ड दिलं आणि तू पाठवलेलं तुझं कार्ड बबलूनं कागदावर काढून दिलं होतं, तेही दिलं. त्या माणसानं माझं आडनाव वाचलं, तुझं वाचलं, परत माझं वाचलं. मग विचारलं, "लेकीचं सासर कोणत्या गावचं?" मी मंठा सांगितलं. "लव्ह मॅरेज का?" मी हो म्हटलं. त्यानं दोन्ही कार्डं माझ्याकडं सरकवली, म्हणाला खोली शिल्लक नाही. खोली आत्ताच रिकामी पाहिली होती मी, चादर बदलत होते. तो म्हणाला, "मावशी, आमचं काही न्हाई. तुमची लेक बी चांगली असंल, जावई बी चांगला असंल. पण लोक बोलतात."

आकांक्षा, मी तुला हे लिहावं का नाही यावर खूप विचार केला. तुला आणि धम्मपालला असली माणसं नवी नाहीत हे मला माहीत आहे. तुम्ही पुण्यात घर भाड्यानं शोधत होता तेव्हाचं तू मला काही सांगितलं नव्हतंस, पण तुझ्या आवाजावरून मला कळायचं. तरी ऐकणं वेगळं आणि आपल्या तोंडावर होणं वेगळं.  मी कार्डं उचलली आणि वळले, तर आप्पा दारातून आत आलेले. सगळं ऐकलेलं. मला वाटलं भांडतील. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि बाहेर चालायला लागले.

रस्त्याच्या कडेला रसवंती होती, तिथल्या बाकड्यावर आम्ही बसलो. रस तसाच समोर. तुझं लग्न व्हायच्या आधी तुझे सासरे संपतराव आपल्याकडं आले होते ते तुला माहीत आहे, पण काय झालं ते मी तुला कधी पुरतं सांगितलं नाही. ते एकटेच आले होते, धुतलेला पांढरा सदरा घालून. आप्पांनी त्यांना घरात बोलावलं नाही. गोठ्याजवळच उभ्यानं बोलले. मी दाराआडून ऐकत होते. आप्पा म्हणाले होते, "संपतराव, आमचं काही न्हाई. तुमी चांगले, पोरगं बी चांगलं. पण लोक बोलतात."  संपतराव म्हणाले, "लोकांचं मी ऐकतच आलो, कारभारी. म्हणलं एकदा तुमचं ऐकावं." आणि हात जोडून निघून गेले. पाणीसुद्धा विचारलं गेलं नाही त्यांना.

रसवंतीवर बसून आप्पा म्हणाले, "त्यो पोरगा काउंटरवरचा माझ्यावाणीच बोलला." मी हो म्हटलं.  त्यांचं ओझं हलकं करावं असं त्या वेळी माझ्या मनातच आलं नाही. मी माझा रस प्यायले, त्यांना म्हटलं उठा, लेकीसाठी अजून खोली मिळायचीय.

आता ठरलेली ही जागा आम्हाला वाटेतच दिसली. खाली औषधांचं दुकान आहे, वर लॉज. काउंटरवर शीतल नावाची बाई बसते, तुझ्याहून थोडी मोठी असेल. लॉज तिचं आणि नवऱ्याचं. कार्डं पुढं करताना मी तिच्या तोंडाकडंच बघत होते. तिनं दोन्ही वाचली, झेरॉक्स काढली आणि विचारलं, "बाळ अंगावर पितंय का वरचं दूध लागतं? दूध लागलं तर सकाळीच सांगा, आमच्याकडं येतं." धुरी गच्चीवर द्या म्हणाली, आडोसा आहे, वारा लागत नाही. मी त्या बाईला काय सांगू माझ्या मनाला काय वाटलं ते. मी फक्त म्हटलं, बाई, चादरी जरा जुन्या आहेत. ती म्हणाली, नव्या घालते.

आप्पा वर आले. त्यांनी खोलीत काय काय केलं ते ऐक. पंखा लावून बघितला, बंद केला, परत लावला. खिडकीची कडी ओढून बघितली. पलंगावर बसले, उठले, खाली वाकून पाय हलतात का ते बघितलं. मोरीतल्या फरशीवर चप्पल घासून म्हणाले, "इथं घसरंल कोणी. गोणपाट टाकायला सांग." शीतलनं खालून विचारलं, माणसं किती लिहू? मी सांगितलं, आम्ही दोघी आणि तान्हं बाळ. आप्पा खिडकीशी उभे होते. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

त्यालाही आता आठवडा होऊन गेला. मी तयारीला लागले. मऊ लुगड्याची दुपटी शिवली, बदामाचं तेल आणलं, डिंकाचे लाडू व्हायचे आहेत. तुला हळीव आवडत नाहीत, तरी खावे लागतील. परवा आप्पा धार काढत होते आणि मी वासराला धरून उभी होते. बादलीतून नजर न काढता म्हणाले, "त्या खोलीत एक माणूस वाढला तर चालंल का?" मला वाटलं लॉजच्या नियमाचं विचारतात. मी म्हटलं, शीतलला विचारून बघते. धार थांबली. म्हणाले, "शीतलला न्हाई. आकांक्षाला इचार. आन तिच्या बी आधी धम्मपालला. त्यांनी न्हाई म्हटलं तर मी तुला जालन्यात सोडून खालूनच परत येईन." मग थोड्या वेळानं, आपल्याशीच बोलल्यासारखं, "मंठ्याला संपतरावाकडं तर मला जायचंच हाये. ते मला दारात उभं करोत न्हाईतर घरात घेवोत. ते कोणाला इचारायचं न्हाई."

हे पत्र त्यासाठी आहे, बाळा. फोनवर विचारलं असतं तर तू माझा आवाज ऐकून लगेच हो म्हणाली असतीस. मला तसं हो नको आहे. धम्मपालशी बोल, त्याचं मन जाणून घे. त्याच्या वडलांचा अपमान झालाय, त्याचं वजन तुझ्या-माझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत. आप्पांना वाईट वाटेल म्हणून तुम्ही दोघांनी काही ठरवू नका. त्यांना वाईट वाटलं तर ते त्यांचं त्यांनी बघावं. नाही असेल तर मला नुसतं नाही सांग, कारण सांगू नकोस, त्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. हो असेल तर त्यांच्या मांडीवर अक्षताला तू स्वतःच्या हातानं ठेव, मी ठेवणार नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी तुमची गाडी येईल तेव्हा मी फलाटावर उभी असेन.

वाट बघणारी तुझीच,
आई