सतरावा आवाज

कारापूर,
बुधवार

प्रिय सिद्धीताई,

पणजीचा कार्यक्रम कसा झाला, असं तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, आपल्या दाराच्या बिजागरीच्या करकरीला टाळ्या पडल्या. खोटं बोललो. टाळ्या पडल्या त्या बाबांच्या खोकल्याला. फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितोय.

माझं काम तुला ठाऊक आहे. लोकांसमोर बसून संगणकावर आज्ञा लिहायच्या, तसं संगीत बदलत जातं, आणि लिहिलेली प्रत्येक ओळ मागच्या पडद्यावर सगळ्यांना दिसते. लपवाछपवी नाही, हीच आमची मिजास. बाकीचे हजारो आवाज गोळा करतात. मी ऐटीत सांगितलं होतं, माझ्याकडे घरचे सोळाच आहेत. पाव आणणाऱ्या पदेराचा भोंगा, विहिरीचा रहाट, आईचं खोबरं किसणं, असले.

पण रंग चढेना. मागचे लोक चहाला उठले. घाबरलो गं. डॉक्टरना ऐकवायला तू बाबांचा खोकला रेकॉर्ड करून मला पाठवला होतास, तो त्याच फोल्डरमध्ये पडून होता. मी नाव टाइप केलं, बाबा-खोकला. पडद्यावर हातभर अक्षरं. लोक हसले. मग ठेका जमला आणि सगळं सभागृह डोलायला लागलं. सव्वीस वर्षं खाणीवरचा ट्रक चालवून छातीत बसलेली धूळ ती! बाबा पहिल्या रांगेत होते, म्हापशाहून आणलेल्या नव्या शर्टात. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी थांबायला हवं होतं. मी आवाज वाढवला.

परतताना साखळीला जाणाऱ्या बसमध्ये त्यांनी एवढंच विचारलं, "लोकांक आवडली मरे माझी खोकली?" मी तिकिटं काढायला कंडक्टरकडे वळलो. माफीही अजून मागितलेली नाही, इतकी लाज वाटते.

तेव्हापासून बाबा माझ्यासमोर खोकत नाहीत. डोळ्यांत पाणी येईस्तोवर पंचा तोंडावर दाबतात. डॉक्टरनाही बरं आहे म्हणाले, म्हणून डॉक्टरांनी औषध कमी केलं. मी बोललो तर मलाच खोटं पाडतात. शनिवारी पुन्हा तपासणी आहे. तू पेडण्याहून ये, तुझ्यासमोर ते खोकतील. पण मी काय केलंय ते कळून ये. काल मी फोन शेजाऱ्यांकडे ठेवला आणि रिकामे हात दाखवत त्यांच्याजवळ जाऊन बसलो. बाबा हसले, पाणी पिऊन येतो म्हणाले आणि उठून विहिरीपलीकडे गेले.

तुझाच,
रुद्रेश