परसातल्या कोंबड्यांसह घराची व्यवस्था

मी, मनकर्णा देवमन तायडे, वय अंदाजे साठ, राहणार नवी कॉलनी, जठारपेठेच्या पलीकडे, अकोला, हे मृत्युपत्र करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. मला राग आलेला आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. माझे पती कोर्टात पंचवीस वर्षे चपराशी होते, एवढा फरक मला त्यांच्यापासून कळतो. लिहिणारे गोवर्धन अर्जनवीस आहेत, शब्द माझे आहेत. एक-दोन ठिकाणी ते म्हणाले की असे लिहीत नाहीत. मी म्हटले, लिहा.

कलम १. कॉलनीतील घर, परस आणि विहिरीतला हिस्सा माझ्या नावे आहे. जागा पतीने घेतली, विटा मी डोक्यावर वाहिल्या. त्याआधी बरीच वर्षे जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडला. या मालमत्तेवर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही.

कलम २. परसात मी सहा कोंबड्या व एक कोंबडा पाळत असे. कॉलनीच्या कमिटीचे सेक्रेटरी महादेवराव माझ्या दारात येऊन म्हणाले, "मनकर्णाबाई, हे कॉलनी आहे, खेडं नाही. कोंबड्यायची घाण चालनार नाही." त्यांच्या फाटकाशी म्हैस बांधलेली असते. तिचे शेण रस्त्यावर पडते, आम्ही ओलांडून जातो. म्हैस चालते आणि कोंबडी चालत नाही, याचे कारण त्यांना माहीत आहे आणि मलाही. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, पण काही लोक आमचे घर अजून जुन्याच नाकाने हुंगतात. कोंबडा पहाटे ओरडतो हे मात्र खरे. त्यासाठी मी त्याला डालीखाली झाकू लागले होते.

कलम ३. परसात कोंबड्या पाळू नयेत असा कमिटीचा ठराव झाला. त्यावर दुसरी सही माझा मुलगा धर्मपाल याची आहे. तो कचेरीत कारकून आहे. त्याला कमिटीत घेऊ असे महादेवरावांनी सांगितले होते.

कलम ४. मागच्या महिन्यात मी अमरावतीला बहिणीच्या नातवाच्या बारशाला गेले. त्या दिवशी धर्मपालने सगळ्या कोंबड्या बाजारात नेऊन विकल्या. त्यांतली कबरी कोंबडी तेव्हा खुडूक होती, अकरा अंड्यांवर बसली होती. एकविसाव्या दिवशी पिले निघायची होती, त्या दिवशी सतरावा होता. मी खुराड्याच्या फळीवर कोळशाने रोज एक रेघ मारत असे. रेघा त्याने पाहिल्या नाहीत. कोंबडीच्या अंगाखालची अंडी म्हणजे ताजी, असे समजून त्याने ती टोपलीत भरली आणि मर्जी राखायला महादेवरावांच्या मागच्या दाराने दिली. शिकलेल्या मुलाला एवढेही कळू नये!

माणिकबाईंनी, म्हणजे महादेवरावांच्या पत्नीने, पहिले अंडे फोडले तेव्हा आत पिसे फुटलेले पिलू होते. आरडाओरडा झाला. दुसऱ्या दिवशी मी परतले, संध्याकाळी सभा भरली. मी करणी केली, घरात मेलेले पिलू पाठवले, असे महादेवराव चारचौघांत बोलले. त्यांच्या स्वयंपाकघरात अंडी कशाला, हे मी विचारले. ते म्हणाले, पोराच्या औषधाला. म्हणजे माझी कोंबडी घाण आणि तिचे अंडे औषध.

धर्मपाल तिसऱ्या रांगेत बसला होता. अंडी कोणी नेली हे त्याला ठाऊक होते. तो बुटाकडे पाहत राहिला. माझ्यावर करणीचा आळ आला आणि माझा मुलगा बुटाकडे पाहत राहिला.

तेव्हा माझी सून जयवंता उठली. भरसभेत नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अंडे यायनं नेले. माह्या सासूबाई त्या रोजी अमरावतीले होत्या. इचारा यायले."

कलम ५. सबब कलम १ मधील घर, परस व हिस्सा मी सून जयवंता हिला देते. धर्मपाल तिच्या मर्जीने तेथे राहील. भिंतींना चुना लावायचा की नाही, हेही ती ठरवील.

कलम ६. परसात किमान एक कोंबडी व एक कोंबडा कायम असावा. कोणी हरकत घेतल्यास जयवंताने कोर्टात जावे. पोस्टातील माझी शिल्लक त्या कामी वापरावी. उरली तर नातीच्या शिक्षणाला.

कलम ७. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा. महादेवराव आले तर बसू द्यावे, बोलू देऊ नये. माणिकबाईंना मात्र चहा द्यावा. माझ्याकडची अंडी त्या नेहमी पैसे देऊन नेत, आणि सभेत त्या एक शब्दही खोटा बोलल्या नाहीत.

कलम ८. आज सकाळी हा मजकूर मी धर्मपालला तोंडी सांगितला. तो म्हणाला, "माय, मले लाज वाटत होती."

मी विचारले, "कायची? अंड्यायची?"

"नाही, माय. तुयी."

एवढ्या वर्षांत त्याने मला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट आहे. त्याबद्दल मी त्याला माफ केले आहे. कलम ५ बदललेले नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. मोहल्ल्याच्या वर्गात शिकलेली सही स्वतः करते.

मनकर्णा देवमन तायडे

साक्षीदार: पंजाबराव देशमुख, शेजारी, बुधाजी सिरसाट, राहणार धामणगाव रेल्वे
अकोला, दिनांक ९ जानेवारी १९६५