महिन्याला खाली-वर करत जा

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (यातला साष्टांग शब्दशः घ्यावा. मी कालपासून पालथाच पडून आहे आणि हे पत्रही छातीखाली उशी घेऊन लिहितो आहे. उशी आमच्याच कारखान्याची आहे, तेव्हा मध्येच अक्षर घसरलं तर दोष मालाचा समजावा.) मामींना नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, खोकला कसा आहे, हे मी विचारतो आणि उत्तरही मीच देऊन टाकतो, कारण तुम्हाला विचारलं की तुम्ही "बरं" म्हणता आणि विषय संपतो. मामी सांगतात त्यावरून गुडघा बरा आहे, खोकला बरा आहे, फक्त अग्निशमन दलातून निवृत्त झाल्यापासून तुम्ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही आणि खिडकीतून समोरच्या इमारतीच्या जिन्यात लोकांनी किती अडगळ भरली आहे तेवढं बघून चडफडत असता. असो. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. माझं तेवढं सोडून.

मामा, रागावू नका, लहान तोंडी मोठा घास घेतो आहे, पण माझ्या पाठीचं जे काही भजं... नाही, जे काही वाटोळं झालं आहे, त्याला जबाबदार तुम्ही आहात. (पहिला शब्द घरातून कुणीतरी सुचवला होता, तो खोडायचा राहिला.) आता सगळं रीतसर सांगतो, म्हणजे तुम्हीच न्याय करा.

मी गाद्या-उशांच्या कारखान्यात भांडार सांभाळतो हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि अजून कायम झालेलो नाही हेही ठाऊक आहे, कारण ते आपल्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. माझ्या मागून आलेला हिशेबनीस कायम झाला. त्याच्या मागून आलेलं फाटकावरचं कुत्रं कायम झालं. (त्याला गळ्यात पट्टा आहे, माझं ओळखपत्र दर वर्षी नवं करून घ्यावं लागतं.) अशात मालकांनी एक दिवस सभा बोलावली आणि मी सगळ्यांसाठी चहा सांगायला बाहेर गेलो. सभेतून चहा सांगायला कधीही बाहेर जाऊ नये, मामा. परत आलो तो मी अग्निसुरक्षा प्रमुख झालेलो होतो. म्हणणं असं, की आग विझवायचे सिलिंडर ही वस्तू, वस्तू भांडाराच्या, आणि भांडार माझं. मालक म्हणाले, सरकारी तपासणी व्हायची आहे, ती सुरळीत पार पडली की तुम्हाला कायम करून टाकतो. या एका शब्दासाठी मी सिलिंडरच काय, आगसुद्धा सांभाळली असती.

त्याच दिवशी इमारतभर हिंडून मी सगळे लाल सिलिंडर शोधून काढले. शोधून हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. एकाच्या गळ्यात छत्र्या लटकत होत्या. एक, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराशी लावून ठेवलेला होता. मधल्या मजल्यावर शिलाई विभाग आहे आणि त्या विभागावर शिलाईच्या ताईंचं राज्य आहे; तिथल्या एका सिलिंडरला त्यांनी गादीच्या कापडाचा अभ्रा शिवून घातला होता, कारण तो भडक रंग त्यांच्या डोळ्यांवर यायचा. आणखी एकाच्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. (म्हणजे तीही कायम.) मी सगळे पुसले, नळ्या मोकळ्या केल्या, पिना आणि सील शाबूत आहेत का, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, सगळं पाहिलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे भिंतीवर टांगले. पाण्याचे कापसाच्या ढिगाजवळ, गॅसचा विजेच्या मुख्य बोर्डाजवळ, पावडरचे बाकी सगळीकडे. कोणता कुठं हे मी त्यांच्या अंगावरच्या सूचना वाचून केलं. मी अगदीच ढ नाही हो.

आता पुढं निगा कशी राखायची हे विचारायला मी तुम्हाला फोन लावला. तुम्हाला आठवत असेल. मी बराच वेळ बोललो, तुम्ही खोकलात. शेवटी मी विचारलं, मामा, या सिलिंडरांचं करायचं तरी काय? तुम्ही म्हणालात, "महिन्याला खाली-वर करत जा." आणि फोन ठेवलात.

मोजून चार शब्द! आमच्या घराण्यात शब्द उधळले जातात आणि तुम्ही ते कुलपात ठेवता, हे मान्य. पण मामा, ज्या कारखान्याला तीन मजले आहेत त्या कारखान्यात खाली-वर करायचं म्हणजे काय करायचं, तुम्हीच सांगा बरं. मी म्हटलं, असेल काहीतरी शास्त्र. वर ऊन तापतं, खाली ओल असते, तेव्हा सगळ्या सिलिंडरांना सगळी हवा सारखी मिळावी, एकाच्याच नशिबी ऊन येऊ नये. मला तर ते फार न्यायाचं वाटलं. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसालाच असं सुचू शकतं, असं मी घरात बोललोसुद्धा.

झालं! दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही खालचे सिलिंडर वर आणि वरचे खाली करू लागलो. पहिल्याच सोमवारी मधल्या मजल्याचा पेच आला. तिथले वर न्यावेत तर वरचे कुठं ठेवायचे, आणि खाली आणावेत तर खालचे कुठं? मी म्हटलं, मधले राहू द्या मध्येच. तर शिलाईच्या ताई कमरेवर हात ठेवून जिन्यात उभ्या. आमचेच तेवढे का वगळायचे, आम्ही काय सावत्र? शेवटी मधले सिलिंडर गच्चीवर न्यायचे, तिथं जरा वेळ ठेवायचे आणि परत जागेवर आणायचे, असं ठरलं आणि ताईंचा मान राहिला. तुम्ही विचाराल, लिफ्ट नाही का? आहे. पण लिफ्टच्या दारावर लिहिलं आहे, आग लागल्यास लिफ्ट वापरू नये. त्यावर हिशेबनिसानं शंका काढली की आगीचं सामान असलं तरी वापरू नये. ती शंका सगळ्यांना पटली. म्हणून खांद्यावर, काखेत, डोक्यावर, कसे जमतील तसे, पायऱ्यांवर दणादण आपटत आम्ही ते नेऊ-आणू लागलो. हिशेबनिसाचं पोट उतरलं आणि त्याची बायको मला दुवा देऊ लागली. माझी पाठ मात्र कामातून गेली. घरून ऐकावं लागतं की तुमच्याकडे कायम असं काही असेल तर ती ही पाठदुखी.

काल तपासणीच्या बाई आल्या. शिडशिडीत, मितभाषी, हातात टॉर्च. मालक त्यांच्या मागे, मी मालकांच्या मागे, आणि माझा जीव माझ्या मुठीत. बाईंनी तळमजल्यावरचा पावडरचा सिलिंडर भिंतीवरून काढला, सरळ उलटा केला आणि कानाशी धरला. (मला वाटलं, बूड गंजलं आहे का बघतायत.) आतली पावडर सर्रकन सरकली आणि बाईंचा चेहरा खुलला. बहुतेक ठिकाणी ती तळाशी बसून दगड झालेली असते म्हणे. मालकांकडे वळून म्हणाल्या, "नियमित खाली-वर करतात वाटतं." मी लगेच पुढं झालो. म्हटलं, एक महिना चुकलेला नाही, बाई, सगळा कारखाना लागतो! त्यांनी विचारलं, सगळा कारखाना कशाला? म्हटलं, मग, एकट्यादुकट्याचं काम आहे का ते? बाई म्हणाल्या, "करून दाखवा."

मी सिलिंडर खांद्यावर घेतला आणि जिना चढायला लागलो.

मामा, मी मागं वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं, कायम व्हायचा रस्ता हाच. मला जाताना पाहून हिशेबनीस सवयीनं दुसरा सिलिंडर उचलून माझ्या मागं निघाला. मधल्या मजल्यावर ताई, आज सोमवार नसताना हे काय, असं करवादल्या, पण त्यांनी आपले सिलिंडर गच्चीकडे काढलेच. वरचे लोक वरचे घेऊन उतरू लागले. जिन्यात चढणारे आणि उतरणारे एकमेकांना "जरा सरका, जरा सरका" करतायत, आणि खाली बाई आणि मालक एका रिकाम्या भिंतीसमोर उभे! मी वरचा एक घेऊन खाली आलो, तो खुंटीला अडकवला, घाम पुसला आणि म्हणालो, "झालं बघा. खालचा वर, वरचा खाली."

बाई पायरीवर बसल्या. त्यांचे खांदे हलत होते, मला आधी वाटलं भोवळ आली. मग डोळे पुसून त्या उठल्या, एक सिलिंडर घेतला, बूड वर केलं, हलवला, परत सरळ केला. एका जागी उभं राहून. एवढंच! मला एकाएकी माझे सगळे सोमवार आठवले, आणि त्याच क्षणी पाठीत जी कळ आली ती अजून गेलेली नाही. पावडर मोकळी राहिली ती आमच्या पायऱ्यांवरच्या आपटाआपटीमुळे, हे त्यांनीच समजावून दिलं. आणि पाण्याचे आणि गॅसचे तर खाली-वर करायचेच नसतात, ते वेगळंच.

पण इथपर्यंतच हसण्यासारखं आहे. बाईंचा टॉर्च विजेच्या मुख्य बोर्डाकडे गेला आणि त्यांचं हसू मावळलं. खालचे वर आणि वरचे खाली करता करता कोण कुठला याचा हिशेब कधीच सुटला होता, आणि बोर्डाशेजारी पाण्याचा सिलिंडर लटकत होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "इथं ठिणगी पडली आणि घाबरून कुणी हे पाणी मारलं, तर आग राहील बाजूला, माणूस विझेल." मामा, शिलाईच्या मुली रोज कापड न्यायला खाली येतात तेव्हा त्या बोर्डापासून हाताच्या अंतरावर उभ्या असतात. हे मी गमतीनं लिहीत नाही. काल मला जेवण गेलं नाही.

मग बाईंनी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी तुमचं नाव घेतलं नाही, शपथ. फक्त म्हटलं, माझे मामा अग्निशमन दलात होते. नेमकं काय म्हणाले? मी ते चार शब्द म्हणून दाखवले. आणि मग फोन ठेवला? म्हटलं, हो. बाईंनी कपाळावर हात मारला आणि तुमचं नाव त्यांनीच घेतलं! त्या तुमच्या हाताखाली शिकल्या आहेत. म्हणाल्या, पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला शिडीपाशी उभं केलं, "चढा" म्हणाले, आणि पुढचा शब्द येईल म्हणून आम्ही सगळे वर जाऊन ताटकळत बसलो.

निकाल असा लागला. सिलिंडर कालच ज्याच्या त्याच्या जागी गेले (लिफ्टनं). बाई शुक्रवारी परत येणार. तोवर कुणातरी जाणत्या माणसानं सगळ्यांना नीट शिकवलेलं हवं, कोणता सिलिंडर कशावर चालतो, पिन कशी ओढायची, नळी कुठं धरायची. बाई शुक्रवारी कुणालाही उठवून विचारणार आहेत. नीट सांगता आलं तर त्या चांगला शेरा देतील आणि मालक मला कायम करतील. नाही तर, मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, भांडाराच्या किल्ल्या टेबलावर ठेवून जा. कायम तर नाहीच, हंगामीसुद्धा नाही.

बाकी सर्व ठीक. पाठ शेकतो आहे. मामींना सांगा, त्यांनी सांगितलेलं तेल लावलं, वास फार येतो, गुण अजून यायचा आहे. तब्येतीला जपावं.

तुमच्या शब्दाबाहेर कधी न गेलेला,
भाचा

ता. क. हे पत्र केवळ खुशाली कळवण्यासाठी आहे. मनात काही मागणं वगैरे नाही.

ता. क. वरचं ता. क. खोटं आहे. मामा, तुम्ही या. माझी नोकरी तर आहेच, पण खरं सांगू का, काल बाई तुमच्याबद्दल बोलत होत्या तेव्हा ताईंपासून हिशेबनिसापर्यंत सगळे हातातलं काम टाकून ऐकत होते, आणि मला भरून आलं. एवढा माणूस आमचा, आणि तो घरात बसून दुसऱ्यांच्या जिन्यातली अडगळ मोजतो, हे मला बघवत नाही. या, आणि आमच्या लोकांना शिकवा. एक विनंती, पाच-सहा शब्दांची वाक्यं बोला. इथं तीन मजले आहेत.

ता. क. फोन केला असता तर तुम्ही "नाही" म्हणून ठेवून दिला असता, म्हणून हे पत्र हातोहात पाठवलं आहे. दारात जो उभा आहे तो आमच्या कारखान्याचा ड्रायव्हर. गाडी खाली आहे. मामींशी मी सकाळीच बोललो. तुमचे कपडे इस्त्री करून पिशवीत भरलेले आहेत आणि पिशवी एव्हाना गाडीत गेली असेल. ड्रायव्हरला बजावून ठेवलं आहे: उत्तर आणायचं नाही, मामा आणायचे.