कळपाच्या मागं आम्ही दोघं

अप्पा, माझ्या हृदयाचा वरचा डावा कप्पा जन्मापासून दुभागलेला आहे. मध्ये एक पडदा आहे, पडद्याला बारीकसं छिद्र आहे, आणि फुफ्फुसांतून येणारं सगळं रक्त आजवर त्या छिद्रातून वाट काढत आलं. घशातून नळी घालून केलेल्या तपासणीनंतर परवा इथल्या हृदयाच्या डॉक्टरबाईंनी हे नक्की केलं. माझा जन्म बातम्या तपासण्यात गेला, म्हणून आधी ताजी गोष्ट आणि ती कुणी सांगितली ते लिहिते. तुम्ही माझ्याबद्दल जे चारचौघांत सांगत फिरलात, त्याला कुणाचाच दुजोरा नव्हता.

मंद्रूपचा बाजार आठवतो. मेंढरं विकायला आणली होती आणि मी वाटेत तीनदा बसले होते. तुमच्या ओळखीचा एक मेंढका हसत म्हणाला, "पोरगी आजून कडंवर आणतोस व्हय रं?" तुम्ही बिडी पेटवत म्हणालात, "चालायचं म्हटलं की हिला धाप लागती. भाकरी खाताना कदी लागली न्हाय बघ." सगळे हसले. मी पाण्याच्या टाकीला टेकून उभी होते, ओठ निळे पडलेले, आणि मलाही वाटत होतं की तुमचंच खरं असेल. अंगचोर हे माझं घरातलं दुसरं नाव होतं. पुढे शहरातल्या डॉक्टरांनी दमा ठरवला आणि मी वर्षानुवर्षं पंप ओढले. चुकले तेही. पण त्यांनी मला लबाड म्हटलं नाही. या उन्हाळ्यात ऑफिसचा जिना चढताना ठोके सैरावैरा झाले, मी पायरीवरच बसले, तेव्हा कुठे कुणी आत नीट पाहिलं.

पडद्याचं चित्र काढून दाखवताना डॉक्टरबाई सहज बोलून गेल्या, "फार क्वचित दिसतं हो हे. माझा भाऊ जनावरांचा डॉक्टर आहे, तो सांगतो, कुत्र्यांतही सापडतं. त्यांच्यात बहुतेक उजवीकडे असतं, मग पोटात पाणी भरतं. लोकांना वाटतं, खाऊन सुटलंय." पुढचं मी नीट ऐकलंच नाही. त्यांनी विचारलं, "मॅडम, घाबरलात का?" मी नाही म्हटलं. घाबरले नव्हते, संतापले होते.

ते पांढऱ्या कपाळाचं कुत्र्याचं पिलू तुम्हाला आठवत नसणार. तुमची रीत होती, पिल्लं जरा मोठी झाली की त्यांना दिवसभर मेंढरांमागं चालवायचं. जे संध्याकाळपर्यंत टिकेल त्याला राखणीला ठेवायचं. हे पिलू थोडं धावे आणि बसे. त्याचं पोट फुगत चाललं, तसं तुम्ही ठरवलं की ते चोर आहे. "रातच्याला जाळीखालनं आत शिरतंय आन मेंढ्यांचं दूध पितंय. पोट बघा की त्येचं!" तुम्ही त्याला बाभळीला बांधलं आणि खायला बंद केलं. पोट उतरेपर्यंत, म्हणालात. बरगड्या वर आल्या, पोट वाढतच राहिलं. आई म्हणाली, "आवं, बांधलेलं कुत्रं दूध कुटनं पिईल?" तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, "तुला न्हाय कळत. लई लबाड हाय ते." माझ्याबद्दलही तुम्ही हेच शब्द वापरायचात, याच आवाजात.

मग चारा संपला आणि आपण तळ हलवला. पिलाला सोडून दिलं होतं, बरोबर घ्यायचं नव्हतं. तरी ते मागं येत राहतं. मीही मागं. चढण लागते, मेंढरं पुढे धुळीत दिसेनाशी होतात, आणि मागं फक्त आम्ही दोघं. ते बसलं की मी बसते, मी उठले की ते उठतं. त्याची जीभ बाहेर, माझंही तोंड उघडं. मग तुम्ही परत येता. मला बखोटीला धरून खांद्यावर टाकता आणि त्याच हातानं खाली वाकून दगड उचलता. पिलाला तो लागला नाही, पण ते थांबलं. तुमच्या खांद्यावरून मी त्याला लहान होत जाताना पाहिलं. चढ असूनही तुमची छाती संथ चालली होती. कधी धाप लागलीच नाही अशा माणसाची छाती.

त्या पिलाला हाच आजार होता असं मी लिहिणार नाही. त्याला आत कुणी पाहिलं नाही. पण ते दूध पीत होतं, हेही कुणी पाहिलं नव्हतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, लोक म्हणतात मेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरते. तुम्ही अडाणी होतात म्हणून माफ करावं, तर आईही अडाणीच होती, आणि तिला बरगड्या दिसल्या.

सोमवारी सकाळी छाती उघडून पडदा कापतील. डॉक्टरबाई म्हणतात, धोका आहे, पण सगळं नीट पार पडलं तर काही महिन्यांत मी न थांबता चढ चढू शकेन. न थांबता चालणं कसं असतं, मला माहीत नाही. कुठला चढ चढायचा ते मात्र मी ठरवून ठेवलंय. तोच, बाभळीच्या तळावरून वर जाणारा. मी राहते त्या जुळे सोलापुरातून तिथपर्यंत रिक्षा मिळेल का, हेही विचारून झालं. वर पोचल्यावर मी तुम्हाला शोधणार आहे, तुम्ही मला चढताना बघितलं का ते बघायला. तुम्ही तिथं नसणार हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी बघणार आहे. एवढं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.